सुटलेला मासा

अंगणवाडीत मी हुशार माशाची गोष्ट सांगत होते. मासा कोळ्याचं जाळं कुरतडून निसटला, तशा मुलांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रीचे हात मात्र मांडीवरच राहिले. तिचा बाप खाडीत मासे धरतो.

"काय गं, नाही आवडली गोष्ट?" मी विचारलं.

"मग त्या माणसाच्या पोरांनी काय खाल्लं, ताई?"

"भात," शेजारचा गणू म्हणाला.

"नुसता?" चंद्रीने विचारलं.

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतेय, पण तो माणूस रिकाम्या हातांनी घरी गेला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी पुन्हा तीच गोष्ट मागितली. मासा जाळ्यात सापडला आणि मी थांबले. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, चंद्रीही. कुणाला सोडवावं, मला कळेना.