मुका रियाज

आमची वैनी आवाज न करता पियानो वाजवायची. पावसाचे चार महिने समुद्राच्या दमट हवेने पियानोच्या पट्ट्या फुगायच्या, दाबल्या की वर यायला तयार नसायच्या. मग वैनी स्वयंपाकघरात एक पाट पुढ्यात घेऊन बसायची आणि त्यावर दोन्ही हातांनी तासन्‌तास रियाज करायची. ऐकू यायची ती नुसती बोटांची टकटक. आई दारातून बघायची आणि मला बाजूला घेऊन म्हणायची, "अगो, हिला कसली बाधा तर नाही ना झाली?"

दादा डॉक्टरी शिकायला व्हिएन्नाला गेला आणि येताना हिला घेऊन आला. तिकडे तिचं केवढं नाव! मोठमोठ्या सभागृहांत तिचे जलसे व्हायचे, तिकिटांसाठी माणसं बर्फात उभी राहायची. ते सगळं टाकून ती रत्नागिरीला आली. मागून बोटीने पियानो आला, तेव्हा तो होडीतून बंदरात उतरवताना हमालांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाव तिला पियानोबाई म्हणायचं. मी लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली; घरातलं कोणी माझ्याशी कामापलीकडे बोलत नसे. ही मात्र मला अदबीने 'वन्सं' म्हणायची आणि रोज माझ्याशी तासभर गप्पा मारायची.

दर वर्षी तिला तिकडून पत्र यायचं, या आणि वाजवा. दादा म्हणायचा, "जा गो, सहा महिने जाऊन ये." वैनी पत्र पियानोच्या झाकणाखाली सारायची. "पुढल्या वर्षी. मी गेले तर तुम्हाला वेळेवर जेवायला कोण घालील?" मला मेलीला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एका श्रावणात मी ताक घुसळत होते आणि वैनीची टकटक चालली होती. अचानक ती थांबली.

"वन्सं, हे काय गुणगुणताय? कुठे ऐकलंत?"

"आत्ताच की. तुम्ही वाजवताय तेच."

ती पांढरीफटक पडली. ती गत तिच्या शेवटच्या जलशातली होती. रत्नागिरीत पियानोवर तिने ती एकदाही वाजवली नव्हती, फक्त पाटावर. दुपारी दादा जेवायला आला. त्याचा दवाखाना बाजारपेठेत, घरापासून मैलभर. पानावर बसता बसता म्हणाला, "आज ती शेवटच्या जलशातली वाजवलीस ना? फार दिवसांनी." माझ्या हातातला तुपाचा चमचा खाली पडला.

दादा पुढे तापाने गेला. शेवटच्या दिवशी त्याची वाचा बसली होती, पण बोटं पांघरुणावर सारखी हलत होती. आई म्हणाली, "वात झालाय." वैनी त्या बोटांकडे टक लावून बघत राहिली.

दहाव्याला पिंड समुद्रावर ठेवले. कावळे समोर रांगेने बसलेले, पण एक शिवेल तर शपथ. क्रिया करणारा चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "वैनीला आम्ही अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात वैनी वाळू तुडवत आली. बायका तिथे जात नसत, पण तिला अडवतो कोण? मी तिच्या मागोमाग धावले.

ती पिंडासमोर बसली. "मी इथेच राहीन. सासूबाईंना, वन्संना सोडणार नाही."

कावळे दोन पावलं मागे सरकले. देवाशपथ सांगते, मागे सरकले.

मग वैनीचे हात वाळूवर आले आणि बोटं हलायला लागली. दादाची पांघरुणावर हलत होती, तश्शीच. मला ती गत स्वच्छ ऐकू येत होती. ती रडत म्हणाली, "बरं. जाते मी. वाजवीन." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

महिन्याभराने ती बोटीत बसली. धक्क्यावर मला मिठी मारून म्हणाली, "वन्सं, पाट ठेवून द्या हं." मी वेड्यासारखी रडले. पुढे तिची पत्रं यायची, आज या शहरात वाजवलं, उद्या त्या. एका वर्षी पत्रं बंद झाली. तिकडे काहीतरी भयंकर चाललंय, असं वर्तमानपत्रात यायचं.

दोन वर्षं वाट पाहिल्यावर आई म्हणाली, "सर्वपित्रीला तिच्या नावाचं पान ठेव गो. अधांतरी नको राहायला." मी ठेवलं. कावळा कुंपणावर येऊन बसला. त्याने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी त्याला काहीएक कबूल केलं नाही. दिवस कलला तरी पान तसंच होतं, भातावर मुंग्या चढल्या, आणि कावळा उडून गेला.

आई कपाळाला हात लावून बसली. मी मात्र आत जाऊन पाट काढला, पुसला, आणि त्याला कान लावला.