काटा अर्ध्याखालीच होता

आबांच्या हातून गाडीची किल्ली मी काढून घेतली, तीही चार माणसांदेखत. आज सांगतानाही लाज वाटते.

आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म एसटी चालवली, निवृत्तीनंतर आमची छोटी गाडी. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एक नवंच काढलं. धुळ्याहून साक्रीला निघालं की वाटेत दोनदा थांबायचं, बॉनेट उघडायचं आणि म्हणायचं, "गाडी गरम व्हई राहिनी." मी बघावं तर तापमानाचा काटा अर्ध्याच्याही खाली. "आबा, काटा दिसत नाही का तुम्हाला?"

"काटाले काय इचारस? माले वास येस."

मला कसलाच वास येत नव्हता. मग मनात भलतंच यायला लागलं. सत्तरी उलटलीय, डोकं तर साथ सोडत नाही ना? एकदा साक्रीच्या बाजारापाशी, मागे पाहुणे बसलेले असताना, त्यांनी पुन्हा गाडी थांबवली आणि माझं डोकंच फिरलं. "पुरे झालं आबा! भास होतात तुम्हाला. आणा ती किल्ली इकडे." त्यांनी दिली. मागच्या सीटवर जाऊन बसले.

महिनाभराने मी एकटीच जळगावला निघाले. एरंडोलच्या अलीकडे बॉनेटमधून भसाभसा वाफ! काटा बघितला. मेला अर्ध्याखालीच.

गाडी ओढत गॅरेजात नेली. मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि हसला. "ताई, गाडी म्हणते इंजिन कोमट आहे. लावता का हात?" इंजिन निवल्यावर त्याने तापमानाचा सेन्सर काढला. अंगठ्याएवढा तुकडा, त्यावर गिझरच्या तळाला धरतो तसा पांढरा थर. वायरी जोडून त्याने तो उकळत्या पाण्यात धरला, तरी मीटरवरचा आकडा जागचा हलेना. "हाच थंड-थंड सांगतो, म्हणून पंखाही वेळेवर लागत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कोण टाकतं?"

मीच. दर रविवारी, गाडी धुवायच्या नळीनेच. आबा म्हणायचे कूलंट आण. मी म्हणायची, पाणी ते पाणी, त्यात काय एवढं!

नवा सेन्सर बसवून संध्याकाळी घरी आले आणि किल्ली आबांच्या हातावर ठेवली. "चुकलं माझं, आबा. गाडी खरंच तापत होती. सेन्सर खराब होता."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. इंजिनला काही झालं का, तेही विचारलं. मग किल्ली परत माझ्या हातात दिली.

"तूच चालाव, बेटा. भास होतस बोलनी तू, तव्हापासून मी घरमा गॅसबी तीन-तीनदा देखस, बंद कया का नही."