बाकी राह्यलेल्या दोन चांदन्या

त्या दिवशी आंगनात आम्ही पाच जनी होतो. मी, माही ननंद पारबता, शेजारची सुमन, गावची आशाताई, आन खाटेवर सुमनची पोरगी. आशाताई गोळ्या द्याले आली होती. पारबता लाखोळीची डाळ निवडून राह्यली होती. पोरगी मोबाईलवर लिहून राह्यली होती. लिहिता लिहिता थांबली आन म्हने, "आयका वं सगळ्या. बरोबर झालं का सांगा."

तिचं नाव मी सांगत नाई. मोबाईलवर तिनं आपलं नाव कधी घातलं नाई. तिथी ती 'झाडीची बाई' होती, आमच्या झाडीपट्टीवरून. तिनं नाई घातलं तं मी कायले घालू? मले ती मोठमाय म्हने. नातं काही नाई, आमच्या दोन घराची भिंत एक, एवढंच.

तिचं काम काय होतं ते पयले सांगते, नाई तं तुम्ही म्हनान म्हातारी काय बडबडून राह्यली. मोबाईलमध्ये गेम रायतेत. ते खेळाचे, आन मंग त्याच्या खाली लिहाचं, गेम कसा हाय, कोनं खेळावा, कोनं खेळू नये. आन चांदन्या द्याच्या. पाच रायतेत. चांगला तं जास्त, खराब तं कमी. हे काम तिले कोनी सांगतलं नव्हतं. पन मास्तर पेपर तपासाले बसते ना, तशी बसे. मधात कोनी बोललं तं हात वर करे. थांबा म्हने, निकाल लागून राह्यला.

मोबाईल खेळनारं मानूस तुम्ही पाह्यलं असन. मान वाकवून, दोन आंगठे नाचवत. ती तशी नाई. ती खाटेवर आडवी राहे. उशीपाशी पितळेची पायली उलटी ठेवे, तिले मोबाईल टेकवे, आन एका बोटानं खेळे. करंगळीच्या बाजूच्या बोटानं. बाकीची बोटं दुखत. नवीन गेम उघडला की मनगट दाबे आन म्हने, "चाल, पाहू. दुखन्यात चालते का?"

तिचं पयलं इचारनं हेच. दुखन्यात चालते का.

तिले सिकलसेल होता. आमच्या इकडं लय घरात भेटते हा आजार. आशाताई सांगते, रक्तातल्या गोळ्या इळ्यासारख्या वाकड्या होतेत आन अडकतेत. मंग हाडात सब्बल घातल्यासारखं होते. लगन झालं होतं वरोऱ्याकडं. दोन वर्सानं सासरचे आनून सोडून गेले, म्हने बिमार पोरगी गळ्यात बांधली. ती त्याच्यावर कधी रडली नाई. एक डाव फक्त म्हने, "मोठमाय, त्याईले एकबी चांदनी द्याचं मन नाई होत. पन मोबाईलमध्ये कमीत कमी एक द्याच लागते. मोबाईल चांगल्या मनाचा हाय."

ती लिहे ते वाचून दाखवे. मी तिसरी शिकली, तेबी अर्धी. पन आयकून आयकून मले पाठ झालं. फळं कापाचा एक गेम होता, त्याच्या खाली तिनं लिहिलं, "मनगट दुखत असन तं हात लावू नोका. चांगल्या दिवसासाठी चार, दुखन्यासाठी एक. मधातल्या दोन देते." रंगाच्या गोट्या जुळवाचा एक होता. "एका बोटानं चालते. सलाईनचा हात बाजूले ठेवून खेळता येते. पन जाहिरात बंद कराची फुली मुंगीएवढी हाय. चार." वाघ मांगं लागते आन आपन पळाचं, असाबी एक होता. त्याले तिनं लिहिलं, "आमच्या इथी खराच लागते. मोबाईलमध्ये आनखी कायले? एक."

पारबता इतकी हासली की निवडलेली डाळ न निवडलेल्या डाळीत सांडली.

तिच्या लिहिन्याच्या खाली लोक बोट दाबत, उपयोग झाला म्हनून. त्या गोट्याच्या गेमच्या खाली सात जनाईनं दाबलं. सकाळी सकाळी मले हाक मारून सांगतलं. "मोठमाय, सात जनाले उपयोग झाला! सात खाटा समज. सात जागी कोनी पडून हाय आन माह्यं वाचून खेळून राह्यलं." मी म्हनलं, "कशावरून वं? धडधाकटबी असतीन." ती म्हने, "धडधाकट मानूस कायले वाचते? तो खेळते."

आता एक गोठ सांगते, ते मी कोनाले सांगतली नव्हती. माहा बी एक होता. बापू. नऊ वर्साचा. पाय दुखते म्हने, हात दुखते म्हने. ताप नाई, सूज नाई. मी म्हनो, शाळा चुकवाचं ढोंग करते. धानाच्या रोवन्याचे दिवस होते. मी त्याले बांधीवर घेऊन गेली, काठच्या धुऱ्यावर बसवलं आन चिखलात उतरली. तो म्हने, "माय, थांब ना जराशी." मी म्हनलं, रोवना थांबते का कोनासाठी? संध्याकाळी उचलून आनला. चार दिवसानं गेला. काऊन गेला ते कोनाले समजलं नाई. लय वर्सानं सुमनच्या पोरीचं रक्त तपासलं, आशाताईनं आजार समजून सांगतला, तवा मी भिंतीच्या अलीकडं उभी राहून आयकत होती. तवा मले समजलं बापूले काय झालं होतं.

हे मी फक्त त्या पोरीजवळ बोलली. तिच्या हाताले शेक देत होती तवा. तिनं शेकाचं फडकं बाजूले सारलं. मंग म्हने, "तुले म्हाईत नव्हतं मोठमाय. म्हाईत असून थांबत नाई, त्याईचं काय?"

तिचा आवडीचा गेम झाडाचा. चार कुंड्या रायतेत. एकीत मोगरा, एकीत गुलाब, दोन झाडं परदेशी, नाव मले येत नाई. झारीवर बोट ठेवलं की पानी पडते. बोट दाबून ठेवलं तोवर पडतच रायते. पन दोन दिवस पानी नाई घातलं तं पानं पिवळी पडतेत, आन तिसऱ्या दिवशी झाड मरते. मरतानी बारीक बाजा वाजते.

एक डाव तिले गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं, सहा दिवस. मोबाईल घरीच राह्यला. हाताची शीर सापडेना, चार जागी टोचलं, रडली नाई. घरी आली, मोबाईल उघडला, चारई कुंड्यात काड्या. तवा रडली. सुमन म्हने, "अवं ते काय खरं झाड हाय का?" ती म्हने, "मी काय फिराले गेली होती का माय? मी दवाखान्यात होती. त्याईले कोनी सांगतलंच नाई."

मंग तिनं जे लिहिलं, तेच त्या दिवशी आंगनात आम्हा चौघीले वाचून दाखवलं. "झाडाचा गेम. एका बोटानं चालते. घाई करत नाई. पानी जास्त झालं तरी झाड मरत नाई, हे लय चांगलं. पन बिमार मानूस दवाखान्यात गेलं की त्याची झाडं मरतेत. तुम्ही एक बटन द्या. त्याच्यावर लिहा, मी दवाखान्यात आहो. ते दाबलं की झाडाईनं थांबाव. आता तीन चांदन्या देते. बटन दिलं की पाच देईन. झाडीची बाई."

पारबताचा हात डाळीत तसाच राह्यला. मले धुऱ्यावरचा बापू दिसला. आशाताई म्हने, "एक नंबर लिहिलं वं." मीबी म्हनलं, "एक नंबर."

आठ-पंधरा दिवसानं गेमवाल्याईचं उत्तर आलं. पोरगी खाटेवर उठून बसली. "मोठमाय, उत्तर आलं! धन्यवाद, आम्ही नोंद घेतली." मी म्हनलं, "नालीचीबी नोंद घेतलीच हाय गावात. पानी आपल्याच दारात साचते." ती म्हने, "तू नोको बोलू. ते मोठे लोक हायेत. देतीन." तवापासून रोज सकाळी गेम उघडे, पानी घाले, आन बटन शोधे. चारई कोपरे बोटानं चाचपे. नाई दिसलं की म्हने, "उद्या पाहू."

थंडीत दुखनं वाढलं. छातीत गेलं. चंद्रपूरले न्याचं ठरलं. जीप आंगनात उभी, सुमन भांडीकुंडी बांधून राह्यली, आन हे पोरगी मले जवळ बसवून मोबाईल शिकवून राह्यली. वार्डात मागच्या खेपेले एकीचा मोबाईल चोरीले गेला होता, म्हनून आपला माह्यापाशी ठेवला. "इथी बोट ठेवजो. झारी आली की दाबून धरजो. चारईले. रोज. चुकवू नोको मोठमाय." मी म्हनलं, "तू ये लवकर." ती म्हने, "मी येईन. पन तू पानी घाल."

मी घातलं. पयले तुळशीले, मंग मोबाईलमध्ये. माही बोटं शेतातली, चिरा पडलेली. मोबाईलले ते समजेना, दोन-दोन डाव दाबाव लागे. पन एक दिवस चुकवला नाई.

पाचव्या दिवशी पानी घालून झालं आन मधातच एक चौकोन आला. त्यात पाच चांदन्या, रिकाम्या. मले समजलं, गेम इचारून राह्यला कसा हाय म्हनून. मी म्हनलं, पोरगी नाई तं आपन भलं कराव. गेम तं एक नंबर हाय. मी पयल्या चांदनीवर बोट ठेवलं. एक. आन खाली दाबून देलं. लय बरं वाटलं मले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनच्या मोबाईलवरून तिचा फोन. आवाज बारीक झाला होता.

"मोठमाय, झाडं कशी हायेत?"

"हिरवी हायेत. मोगऱ्याले कळी हाय."

"आन माह्या तीनाची एक कोनं केली वं? मायच्या मोबाईलमध्ये पाह्यलं मी."

"मीनं केली. गेमनं इचारलं, मी एक नंबर देला."

तिकडून हासनं आलं. हासे आन मधात "आई गं" म्हने, हासलं की छातीत दुखे. "अवं मोठमाय, एक म्हंजे सगळ्यात खालचा!"

"पयला नंबर खालचा कसा? शाळेत पयला येते त्याचे फोटो छापतेत."

"इथी उलटं हाय."

"मंग पाच देते. आताच देते."

"नाई!" हे मोठ्यानं म्हने. मंग दम लागला. "पाच नोको. पाच खोट्या होतीन. बटन कुठी देलं त्याईनं? माह्यं वाचून कोनी खेळते, तो दवाखान्यात जाईन, त्याची झाडं मरतीन. मंग मी काय सांगू त्याले? तीन दे. डावीकडून मोज."

तिनं सांगतलं तसं मी केलं. पेनाचं चित्र दाबलं, चांदन्या आल्या. एक. दोन. तीन.

"थांब. तीनवर थांबजो."

"थांबली."

"बाकीच्या दोन मी देईन. बटन आलं की."

तिच्यासंगं माह्यं बोलनं एवढंच.

त्याच्या दोन दिवसानं सकाळी मी पानी घालून राह्यली होती. गुलाबाच्या कुंडीवर होती. जीपचा आवाज आला. मंग सुमनचं रडनं आयकू आलं. मी उठली नाई. बोट झारीवर तसंच राह्यलं. पानी पडत राह्यलं, कुंडी भरून वाहत राह्यली. पानी जास्त झालं तरी झाड मरत नाई, तिनं लिहिलं होतं.

मोबाईल मी सुमनले द्याले गेली. सुमन म्हने, "मले पाहवत नाई बाई. तुम्हीच ठेवा."

तं मीच ठेवला. रोज पानी घालते. पारबताच्या नातीचं लगन ब्रह्मपुरीले होतं, मोबाईल कमरेले खोसून नेला आन मांडवात बसून पानी घातलं. लोक हासले, म्हातारीले मोबाईलचं याड लागलं म्हने. हासा म्हनलं. पानी घालून झालं की चारई कोपरे चाचपते. बटन नाई. उद्या पाहू म्हनते.

मधात मधात तो चौकोन येते, पाच चांदन्याचा. मी डावीकडून मोजते आन तीनवर थांबते.

आता माह्याच्यानं होत नाई. गुडघे गेले, डोळ्याले पडदा आला. मीबी एक दिवस दवाखान्यात जाईन, तवा ह्या चार झाडाईले कोन सांगन? म्हनून हे मी सांगून राह्यली, आन आशाताई लिहून राह्यली. तुम्ही मोबाईल खेळत असान. तुमच्या घरचं कोनी खेळत असन. चार कुंड्याचा गेम दिसला तं त्याचे कोपरे पाहून घ्या. कुठी 'मी दवाखान्यात आहो' असं बटन दिसलं तं मले सांगा. तिच्या दोन चांदन्या द्याच्या राह्यल्या हायेत.