जाऊबाईची जागा

माझ्या जाऊची जागा त्या फोटोवाल्या गोऱ्याने मोकळी सोडली. ती जिवंत होती. जळगावच्या दवाखान्यात होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं, अजून शुद्धीवर आली नव्हती. आणि इथे अंगणात तो मला हाताने बाजूला सरकवत होता, "थोडा जागा, थोडा जागा."

मोकळ्या जागेचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

तो विलायतेचा. तरुणपणी पहूरकडे कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो काढायला आला, तेव्हा आमच्या घरीही आला. मग दर काही वर्षांनी पुन्हा येत राहिला. सगळ्यांना त्याच भिंतीपुढे, ज्याच्या त्याच्या जागी उभं करायचा. स्वतः डोक्यावर काळं फडकं घेऊन कॅमेऱ्यामागे. जो गेला त्याच्या जागी दुसऱ्याला उभं राहू द्यायचा नाही. आधी सासऱ्यांची जागा मोकळी झाली, मग माझ्या नवऱ्याची, मग दिराची.

जन्मभर त्याने हेच केलं. त्याच्या देशात कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तिथल्या एका गल्लीतली माणसं तो अशीच उभी करत आला. त्याचं पुस्तक झालं, त्यात त्याचं नाव झालं. आम्हाला दाखवलं होतं. पान उलटलं की माणसं कमी. शेवटच्या पानावर नुसती भिंत. ते पुस्तक तो देत होता, मी घेतलं नाही.

आमच्या अंगणात त्या तीन जागी कोणी खाट टाकत नाही. पोरंही खेळताना वळसा घालून जातात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आता तो म्हातारा झाला होता, हात कापत होते. माझा मुलगा त्याच्याशी इंग्रजीत बोलला.

"आई, तो म्हणतो, काकू इथे नाही, म्हणून जागा सोडायची."

"सांग त्याला, ती मेलेली नाही."

मुलाने सांगितलं. गोऱ्याने मान हलवली आणि पुन्हा तेच दाखवलं.

जाऊची मुलगी रडायला लागली. "मोठी आई, फोटोच नको."

"गप. काढल्याशिवाय हा जायचा नाही."

मी सरकले आणि जाऊच्या जागी उभी राहिले. आता माझी जागा मोकळी पडली.

"अवं मोठी आई, काय करू रायली तू? सरक तिथून!"

"होऊ दे काय व्हायचं ते. माझे पाय दुखतात, लवकर काढ म्हणावं."

गोरा फडक्याखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. वारा नव्हता. माझ्या उजव्या हाताला, जिथे मी उभी असायची, तिथे कोणीतरी आहे असं मला वाटलं. खांदा गार पडला. हलायचं नव्हतं, म्हणून मी वळून पाहिलं नाही.

दिवस मावळताना फोन आला. जाऊ शुद्धीवर आली, पाणी मागते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलते. मला बघून म्हणाली, "मनी जागा तू लिधी म्हणे? मी जित्ती शे ना अजून."

"म्हणूनच घेतली. आता लवकर ऊठ आणि घे परत."

हसली, तसे टाके दुखले. मला शिव्या दिल्या.

तो फोटोवाला त्या हिवाळ्यात त्याच्या देशात वारला. जाऊ जिवंत आहे. मीही आहे.