रेवाची भिंत

आज दुपारी माझी लेक रेवा शाळेतून आली, रॅकेट घेऊन बिल्डिंगच्या मागे गेली आणि लगेच परत आली. सोसायटीने तिच्या भिंतीला लागून कुंड्यांची रांग लावलीय.

मनवेलपाड्यात आम्हाला कसलं आलंय टेनिस कोर्ट! दोन वर्षं ती त्याच भिंतीवर बॉल मारतेय. आफ्रिकेतली एक टेनिसपटू तिचं दैवत. तीही भिंतीवरच शिकली, आज मोठमोठ्या स्पर्धा जिंकतेय. घरात येताच रेवाने कपाटावरचा तिचा फोटो काढून टाकला.

"आई, तिला भिंत तरी होती गं."

मी तावातावाने सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी शांतपणे सुशोभीकरणाचा कागद पुढे केला. खाली माझीच सही, न वाचता ठोकलेली.

तुम्हीच सांगा, लेकीला हे कुठल्या तोंडाने सांगू?