कुंपणापलीकडचे सोंडकिडे

माझ्या शेजाऱ्याने मला फसवलं आहे, आणि तेही हात जोडून.

आनंद नगरच्या पुढे आमच्या केळीच्या बागा एकमेकींना लागून आहेत. मी किडीवर औषध फवारतो. तो विदर्भातून आलेला, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला गृहस्थ. माझ्या फवारणीच्या पंपाचा आवाज आला की कुंपणाशी येऊन उभा राहतो आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. "जहर नको, भाऊ, जहर नको."

त्याचा उपाय नैसर्गिक. केळीचं जुनं खोड उभं चिरून झाडांच्या बुडाशी पालथं ठेवायचं. वासाने केळीचं खोड पोखरणारे काळे सोंडकिडे त्याखाली जमतात, सकाळी ते वेचायचे. बाग मात्र त्याची खरोखर टवटवीत आहे. बिट्टन मार्केटमध्ये गिऱ्हाईक त्याचा घड मुकाट्याने उचलतं आणि घासाघीस माझ्याशी करतं. माझ्याशी!

माझ्या बागेत फवारूनही किडे वाढतच होते. त्याचं कारण काल सकाळी कळलं. हा गृहस्थ डबा घेऊन कुंपणावर वाकला होता आणि वेचलेले किडे अलगद माझ्या हद्दीत सोडत होता.

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"जीव आहे, भाऊ, जीव आहे. मारायला हात उठत नाही माझा."

"म्हणून माझ्या बागेत?"

"तुमच्याकडे औषध आहेच ना, भाऊ. औषध आहेच."

आणि हात जोडून तो निघून गेला.

किडे त्याचे, मारायचे मी, आणि पुण्यवान तो? याचं उत्तर त्याने मला द्यावं. एकदाच बोलावं, पण द्यावं.