आमच्या धरणाला घाम येतो

सकाळचे बरोबर साडेसहा. बोर्लीची पहिली मोटार वळणावर भोंगा वाजवून गेली होती, म्हणून वेळ पक्की. मी लेकीची दुपटी धुवायला धरणाखाली गेले आणि बघते तर काय, धरणाचं पोट ओलं! तिथून माझी झोप उडाली आणि तिथूनच हे किस्से सुरू झाले. पाण्यावर जाणाऱ्या बायकांकडे असे किस्से साठतच जातात. घागर भरेपर्यंत दुसरं करायचं काय?

आमचं धरण लहानसं, मातीचं. दोन टेकड्यांमध्ये घातलेला बांधच म्हणा ना. पावसाळ्यात भरलं की वर आभाळ, खाली आभाळ आणि मध्ये एक हिरवी रेघ. त्या रेघेच्या बरोब्बर खाली आमचं घर! हे मुंबईला नोकरीला. घरात मी आणि पाळण्यातली लेक.

ती ओल बघून मी किंचाळलेच. शेजारच्या सखूमावशी शांतपणे लुगडं पिळत म्हणाल्या, "घाम आलाय गो त्याला! एवढं पानी पाठीवर घेऊन तू उभी ऱ्हा, तुला न्हाय येनार?"

*

धरणाच्या देखरेखीला एक ओव्हरसियर साहेब होते. सायकलवरून यायचे. मी पदर सावरून विचारलंच, "साहेब, फुटणार तर नाही ना?"

ते हसले नाहीत, म्हणून मला जरा बरं वाटलं. म्हणाले, "वहिनी, मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाझर नितळ आहे तोवर खुशाल झोपा. गढूळ आला, तर माती आतून वाहायला लागली समजा. मग लगेच मला बोलवा."

झालं! माझी रोजची ड्यूटी लागली. काचेचा ग्लास पाझराखाली धरायचा, उन्हात उंच करायचा आणि बघत राहायचं. त्या ग्लासात धुकं, झाडं, उलटी टेकडी सगळं तरंगायचं. कडेवरची लेक त्याकडे बघून हसायची. कधी कधी तर मी कशाला आले तेच विसरून जायचे.

हळूहळू सगळ्याच बायका ग्लास मागायला लागल्या. मोहल्ल्यातल्या खतीजाभाभी म्हणाल्या, "या अल्ला! एवढं निरखून दूध बघितलं असतं, तर आपला गवळी कधीच सुधारला असता!"

*

एका सकाळी ग्लास गढूळ! अगदी चहासारखा! मी लेकीला उचललं आणि ओरडत सुटले. अख्खी वाडी टेकडीवर. कुणी देव घेतले, कुणी कोंबड्या. एकीने तर चुलीवरचा अर्धाकच्चा भात तपेल्यासकट आणला.

वर बसून आम्ही खाली बघतोय. धरण आपलं गप्प. पाण्यावर बगळे, बगळ्यांवर ऊन. तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. पाझर निघतो तिथे, करवंदीच्या जाळीआड, सखूमावशींची म्हैस चिखलात आरामात लोळत होती!

मी शरमेने मान खाली घातली. सखूमावशींची मात्र ताठ. "बघा! अख्ख्या वाडीत माझी म्हसच तेवढी शानी. जागची हालली न्हाय!"

*

पावसात धरणाच्या उतारावर खेकडे फार. लोक बिळं उकरून काढायचे. साहेबांनी सगळ्यांना दम भरला, "बीळ उकरलं की धरण पोखरलं जातं. इथला खेकडा कुणी खायचा नाही!"

त्याच आठवड्यात साहेब ओलेचिंब होऊन आले, म्हणून खतीजाभाभींनी त्यांना जेवायला बसवलं. रस्सा असा झालेला, की साहेब भात मागतच राहिले. "भाभी, खेकडे कुठले हो?"

भाभी म्हणाल्या, "झूठ नाही बोलणार साहेब. तुमच्याच धरणाचे."

साहेबांचा हात तोंडाशी थांबला. मग त्यांनी नांगी कडकन फोडली. "मग पुरावा ठेवून चालणार नाही!"

*

आता शेवटचा. धरणाच्या उतारावर एक वारूळ होतं. साहेबांना ते काढायचं होतं, पण सखूमावशी आडव्या पडल्या. "नागोबाचं घर मोडतोस? तुझं कुनी मोडलं तर?" वारूळ राहिलं.

नागपंचमीला आम्ही तिथे दूध-लाह्या वाहिल्या. नंतर मी ताट विसळायला खाली पाझरावर आले. ग्लास भरला. नितळ! आणि त्यात एक लाही तरंगत होती. मग दुसरी आली. धरणाच्या पोटातून!

बायका धावत आल्या. सखूमावशी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, "नागोबानं परत धाडल्या! कुनाची पूजा चुकली गो?" त्यावरून भांडण जुंपलं. मी मात्र साहेबांना बोलवायला माणूस धाडला. लाही ज्या वाटेने आली, त्याच वाटेने पाणी आलं तर?

साहेब आले. लाही तळहातावर घेऊन त्यांनी वर वारुळाकडे बघितलं. मग म्हणाले, "वारूळ आत्ताच्या आत्ता खणा." पण नागपंचमीला जमिनीत कुदळ कोण घालणार? एकही माणूस हलेना.

"बरं, खणायला बंदी. धरणाचं दार उघडायला तर नाही ना?" साहेबांनी स्वतः चाक फिरवलं. पाणी सुटलं. आम्ही पोरंबाळं घेऊन टेकडीवर, पावसात, उजाडेपर्यंत. खाली धरण हळूहळू रिकामं होत होतं, झोपलेल्या माणसाने लांब श्वास सोडावा तसं.

सकाळी वारूळ खणलं. आत भुयार! ते पुढे चिकणमाती ठोकून नीट बुजवलं, त्याची काळजी नको. पण बुजवण्याआधी साहेब पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. चहूकडे चिखल, आम्ही सगळे निथळतोय. साहेबांनी मूठ बाहेर काढून उघडली. मुठीत लाह्या होत्या. कोरड्या!

मी अडवायच्या आत माझ्या लेकीने त्यातली एक उचलून तोंडात टाकली. कुर्रर्र! सगळ्यांनी ऐकलं.

तुमच्या माहेरी, सासरी, कुठेही मातीचं धरण असेल, तर तिथल्या बायकांना माझा एवढा निरोप सांगा: नितळ पाण्यावर विसंबून झोपू नका. वारुळात लाह्या वाहिल्या, की खाली जाऊन पाझर बघा.